बेंडिगोत नवा आला आहेस, तर एवढं कर

आधी नावाचा घोळ समजून घे. १८९१ पर्यंत ऑस्ट्रेलियातल्या या गावाचं अधिकृत नाव सँडहर्स्ट होतं. ट्रोव्ह या ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात, पण नुसतं 'बेंडिगो' टाकून शोधलंस तर बरंच काही हातचं जाईल. मी सुरुवातीला असेच दोन महिने घालवले.

दुसरं, परसात मेथी-कोथिंबीर पेरायची घाई नको. १८५१ मध्ये इथे सोनं सापडलं आणि मग गावाखाली खाणीच खाणी झाल्या. दगड दळून उरलेली वाळू गावभर पसरली, भरावालाही वापरली गेली. तिच्यात आर्सेनिक असतं. माती तपासून घे, नाहीतर बाहेरून चांगली माती आणून उंच वाफे कर. तोवर कुंड्या आहेतच.

सेंट्रल डेबोरा खाणीत उतर. १९५४ ला बंद पडली, आता पर्यटकांसाठी चालते. रोझालिंड पार्कातल्या वटवाघळांखाली मात्र डबा उघडू नकोस!

ईस्टरला गाव सोडून फिरायला जाऊ नकोस. तेव्हाचा उत्सव १८७१ पासूनचा, मूळ हेतू इस्पितळासाठी निधी गोळा करणं. मिरवणुकीतले चिनी ड्रॅगन हे त्याचं खरं आकर्षण. सोन्यासाठी आलेल्या चिनी लोकांचे वंशज आजही इथे आहेत, त्यामुळे गोल्डन ड्रॅगन संग्रहालय आधी बघ, मग मिरवणूक.

आणि हो, ही जमीन मुळात जा जा वुरुंग या इथल्या आदिवासी लोकांची. गावाचा इतिहास सोन्यापासून सुरू झाला असं इथे कुणाला सांगत बसू नकोस.