नकाशा निघाला, मग माझा हरभरा का वाळतोय?

प्रश्न : नमस्कार सर, औसा तालुक्यात माझा तीन एकर हरभरा आहे, सोयाबीनवर घेतलेला. यंदा महिन्याचं पीक असतानाच जागोजागी चट्टे पडून वाळायला लागलं. विजय वाण मर रोगाला चालतं म्हणून शेजाऱ्याकडून बी घेतलं होतं. पुतण्या अ‍ॅग्रीला आहे, तो म्हणतो काका आता मरीच्या जीनचा नकाशाच काढलाय. हे काय प्रकरण आहे? आणि ते बियाणं जीएम असतं का?
– एक वाचक, औसा

उत्तर : दादा, पुतण्या खरं बोलतोय, आणि यातलं बरंचसं काम आपल्याकडचंच आहे. राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यांनी तुमच्याच विजयचा जेजी ६२ बरोबर संकर करून हा अभ्यास केलाय. जेजी ६२ म्हणजे एका देठाला दोन-दोन घाटे धरणारं वाण, दिसायला झकास पण मरीपुढे एकदम नाजूक, इतकं की मरीची बुरशी मुद्दाम वाढवलेल्या रानात मधूनमधून त्याच्याच ओळी पेरतात, त्या वाळल्या की समजायचं रोग नीट पसरलाय. तर या संकरातून पिढ्यान्‌पिढ्या एकेक झाड पुढं नेत पुष्कळ वेगवेगळे वंश तयार करायचे, प्रत्येक वंश अशा रोगट रानात लावून जगला का मेला ते लिहायचं आणि पानातला डीएनए काढून जगलेल्यांमध्ये कुठली खूण कायम सोबत येते ते बघायचं. ती खूण म्हणजे मार्कर. हरभऱ्याची गुणसूत्रं, म्हणजे डीएनएचे धागे, आठ जोड्या; त्यात मरीला अडवणाऱ्या जीनचं, म्हणजे तो गुण ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याचं, घर कुठल्या गल्लीत आहे ते या खुणांवरून कळतं, बाकी नकाशा म्हणजे दुसरं काही नाही.

फायदा काय तर रोप हातभर व्हायच्या आत पानाचा तुकडा तपासून ठेवायचं का उपटायचं ते ठरतं. कर्नाटकातल्या अण्णिगेरी १ मध्ये डब्ल्यूआर ३१५ या हरभऱ्याची मर-प्रतिकारशक्ती अशीच आणली, परत परत अण्णिगेरीशीच संकर करत, आणि सुपर अण्णिगेरी १ झालं. आई हरभरा, बाप हरभरा, बाहेरचा जीन कुठलाच नाही, त्यामुळे जीएम वगैरे काही नाही, निर्धास्त राहा.

आता तुमचं रान. खरं सांगू का, मला हे मर आहे का नाही इथूनच शंका आहे, कारण आपल्याकडे वाळलेला प्रत्येक हरभरा मरीच्याच नावावर जातो. अर्धवट वाळलेलं झाड मुळासकट उपटा आणि जमिनीलगतचं खोड ब्लेडने उभं चिरा. आत काळपट-तपकिरी रेघ दिसली तर मर. रेघ नाही, पण बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीएवढे बारीक दाणे दिसले तर ती कॉलर रॉट, आणि सोयाबीनचा न कुजलेला पालापाचोळा व ओल असलेल्या रानात कोवळ्या पिकावर ती हमखास येते, तिथं विजयची मर-प्रतिकारशक्ती कामाची नाही. घाटे धरताना उन्हाच्या ताणात वाळलं आणि सोटमूळ काडीसारखं कडकन मोडलं तर कोरडी मूळकूज, तो तिसराच रोग.

आणि मर निघालीच तरी वाणाला लगेच शिव्या नकोत. या बुरशीच्या जाती म्हणजे रेस वेगवेगळ्या असतात, एका रेसला अडवणारा जीन दुसरीला अडवेलच असं नाही. शिवाय शेजाऱ्याचं बी म्हणताय, मळणीयंत्रात दोन वाणांचं बी मिसळलेलं असू शकतं. मरीची बुरशी हरभरा नसला तरी जमिनीत सहा-सहा वर्षं टिकते, म्हणून एक साल ज्वारी घेऊन भागत नाही. पुढच्या पेरणीला किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी मित्रबुरशी) चोळा आणि सोयाबीनचा काडीकचरा आधी रानाबाहेर काढा.

पुतण्याला म्हणावं, आठ-दहा झाडं वेगवेगळ्या चट्ट्यांतली चिरून फोटो पाठव, एकाच झाडावरून मी काही बोलणार नाही.