जेरुसलेमचा उन्हाळा आणि एलएलबीचा प्रवेश

पत्र : “आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ठाण्यात राहतो. मुलगी अर्थशास्त्र घेऊन टीवायबीएला आहे. पुढे तीन वर्षांचं एलएलबी करायचं म्हणून सीईटीचा फॉर्म भरलाय. परीक्षा झाल्यावर तिला जेरुसलेमला जायचंय. आधी तीन आठवडे धर्मग्रंथांचा अभ्यास, मग हिब्रूचा वर्ग, मग महिनाभर स्वयंसेवा. तिचे बाबा म्हणतात, युद्ध चालतं तिथे पोरीला कशाला धाडायचं? मला वाटतं, एवढा पैसा घालून करिअरला उपयोग काय? माझा भाऊ इस्रायलमध्ये अश्दोदला असतो. तो म्हणतो, पाठव, मी आहे. तुमचा सल्ला हवा.”

ताई, नमस्कार.

आधी माझं मत सांगते, कारणं मागाहून. ग्रंथांच्या अभ्यासाला आणि हिब्रूला तिला जाऊ द्या. स्वयंसेवेचा महिना तिथल्या कार्यक्रमातून काढा आणि तो मे महिन्यात इथेच करू द्या. प्रवेशाच्या तारखा आणि सुरक्षितता यांत मात्र तडजोड नको.

तुमचा प्रश्न करिअरचा आहे, म्हणून तिथे मुली काय वाचतात तेच एका उदाहरणाने दाखवते. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या संहितेत, ‘बाबा मेत्सिया’ नावाचं प्रकरण आहे. त्याची सुरुवातच एका भांडणाने होते. दोन माणसं एकच वस्त्र धरून न्यायालयात येतात. हा म्हणतो, मला सापडलं, सगळं माझं. तोही तेच म्हणतो. निकाल असा : दोघांनी शपथ घ्यायची की यात माझा हिस्सा अर्ध्याहून कमी नाही, आणि मग वस्त्र वाटून घ्यायचं. आता शपथेचे शब्द बघा. ‘सगळं माझं’ अशी शपथ दिली तर दोघांपैकी एक जण नक्की खोटी शपथ घेणार. ‘अर्ध्याहून कमी नाही’ म्हटलं तर दोघंही खरे असू शकतात, कारण दोघांनी ते एकदमच उचललेलं असू शकतं. पुढच्या ओळीत एक जण म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं. तिथे पहिल्याला पाऊण आणि दुसऱ्याला पाव. अर्ध्यावर तर वादच नाही, ते पहिल्याचं. वाद उरला तेवढ्याच अर्ध्याचे दोन भाग करायचे.

तुमची लेक अर्थशास्त्राची, म्हणून पुढचंही सांगते. मिश्नात दुसरीकडे, ‘केतुबोत’मध्ये, मेलेल्या नवऱ्याच्या मालमत्तेवर तीन बायकांचे १००, २०० आणि ३०० असे हक्क आहेत. मालमत्ता १०० असेल तर तिघींना सारखं, २०० असेल तर ५०, ७५, ७५, आणि ३०० असेल तर ५०, १००, १५०. या आकड्यांमागे एकच नियम कुठला, यावर शतकानुशतकं डोकेफोड झाली. हिब्रू विद्यापीठाच्या रॉबर्ट ऑमन आणि मायकेल माश्लर यांनी १९८५ साली गेम थिअरी वापरून दाखवून दिलं की हिशोब त्या वस्त्राच्याच नियमाने बसतो. ऑमन यांना २००५ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे दिवाळखोरीचा कायदा शिकणाऱ्या मुलीने तीन आठवडे असे मजकूर शब्दाशब्दावर थांबून वाचले, तर तो वेळ वाया गेला असं मी तरी कधीच म्हणणार नाही.

वाचायची पद्धतही तिच्या कामाची आहे. बेत मिद्राशात, म्हणजे अभ्यासाच्या दालनात, दोघादोघांच्या जोड्या बसतात. त्याला हवरुता म्हणतात. एकाने ओळ मोठ्याने वाचायची, अर्थ लावायचा, दुसऱ्याने तो खोडायचा. सगळ्या जोड्या एकाच वेळी बोलत असल्याने दालनात गलका असतो. पानाच्या मधोमध तालमुदचा, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरच्या चर्चेचा मजकूर, आतल्या बाजूला अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडितांचं भाष्य, बाहेरच्या बाजूला नंतरच्या पंडितांनी राशींशी घातलेला वाद. आपल्या लॉ कॉलेजांत गाइड घोकून पास होणारी मुलं मी रोज बघते, म्हणून या सवयीचं मोल मला फार वाटतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी तिला कदाचित कुणी सांगितली नसेल. ख्रिस्ती विवाहांसाठी आपल्याकडे १८७२ चा कायदा आहे, पारशांसाठी १९३६ चा. ज्यूंच्या लग्न आणि घटस्फोटासाठी संसदेने केलेला वेगळा कायदा नाही. प्रकरण कोर्टात गेलं की धर्मशास्त्र आणि समाजाची रूढी काय सांगते हे बघावं लागतं. मूळ ग्रंथ स्वतः उघडून वाचता येणारा वकील मुंबई-ठाण्याच्या कोर्टांत किती मिळेल? समाज लहान, म्हणून खटलेही थोडेच. एवढ्यावर पोट भरणार नाही हे उघड आहे. पण कौटुंबिक कायद्यात उतरलेल्या वकिलाची ओळख अशाच एखाद्या कामातून होते.

आता हिब्रू. सिनेगॉगमध्ये वाढलेल्या आपल्या अनेक मुलांना सिद्दूर, म्हणजे प्रार्थनेचं पुस्तक, वाचता येतो, अर्थ लागत नाही. सिद्दूरात स्वरांच्या खुणा असतात, वर्तमानपत्रात त्या नसतात, आणि हाताने लिहायची अक्षरं छापील अक्षरांहून निराळी. म्हणून तिने इथूनच सुरुवात करावी. रोज अर्धा तास, खुणांशिवायचं वाचन आणि हाताची अक्षरं. उलपानच्या, म्हणजे हिब्रू शिकवणाऱ्या वर्गात पातळी चाचणीवर ठरते. अगदी पहिल्या पातळीत बसलं तर पहिला आठवडा अक्षरओळखीत जातो, आणि एवढं भाडं भरून अक्षरं गिरवायला तिकडे जायची गरज नाही. शिवाय तिला हेही सांगा की उलपानात शिकवतात ती आजची बोली हिब्रू. मिश्ना हिब्रूत आहे, पण तालमुदमधला गेमारा, म्हणजे मिश्नावरची चर्चा, बहुतांशी अरामी या जुन्या भाषेत आहे. एका उन्हाळ्यात ‘तालमुद वाचता येतो’ असं होत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली तर ती उगाच खट्टू होईल. सेफारिया या संकेतस्थळावर हे सगळे ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह फुकट आहेत. वर सांगितलेली दोन्ही प्रकरणं तिने निघण्याआधी वाचून काढावीत, जमलं तर मैत्रिणीला समोर बसवून.

संस्था निवडताना एक नीट बघा. जेरुसलेममधल्या अनेक येशिवा, म्हणजे धर्मग्रंथांच्या पाठशाळा, फक्त मुलग्यांसाठी असतात, मुलींसाठीच्या संस्था वेगळ्या. मुलंमुली एकत्र शिकतात आणि कुठल्याही एका पंथाची सक्ती नाही अशी जागा हवी असेल, तर १९७२ पासून चाललेली पारदेस ही संस्था आहे. भाषेसाठी हिब्रू विद्यापीठाच्या रॉथबर्ग स्कूलचा उन्हाळी उलपान जुना आणि नावाजलेला आहे.

स्वयंसेवा मी का काढायला सांगते? एक तर स्वयंसेवकांना तिथे बी/४ हा वेगळा व्हिसा लागतो आणि शिक्षणासाठी ए/२, म्हणजे कागदपत्रांचा घोळ दुप्पट. दुसरं म्हणजे भाषा कच्ची असताना वाट्याला येतं ते खोकी भरायचं काम. ते काम चांगलंच आहे, पण त्यासाठी ठाण्याहून जायला नको. आणि तिसरं कारण माझ्या मते सगळ्यांत मोठं : तिच्याइतकं कुणालाच जमणार नाही असं काम इथे पडून आहे. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या बेने इस्रायल दफनभूमींत हिब्रू आणि मराठी असे दोन्ही लेख असलेले दगड आहेत. १८३२ साली जॉन विल्सन यांनी मुंबईत मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. बायबलमधल्या कथांवर समाजाने मराठीत कीर्तनं रचली, गायली. किती घरांच्या माळ्यांवर अशी पुस्तकं आजही असतील! मे महिन्यात, पावसाने गवत माजायच्या आत, विश्वस्तांची परवानगी घेऊन एका दफनभूमीतल्या दगडांची ती नोंद करू शकते. प्रत्येक दगडाचा फोटो, दोन्ही भाषांतला मजकूर जसाच्या तसा, सालं, आडनाव, गाव. मग ही वही घेऊन जेरुसलेमला जाऊ दे. तिथे बेन-झ्वी इन्स्टिट्यूट पूर्वेकडच्या ज्यू समाजांवर १९४७ पासून काम करतेय. हातात स्वतःचं काम घेऊन आलेल्या मुलीशी तिथले अभ्यासक वेगळ्या आस्थेने बोलतील.

बाबांची भीती अनाठायी नाही. ७ ऑक्टोबर २०२३ पासून तिथे आणि गाझामध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. जून २०२५ मध्ये इराणशी संघर्ष पेटला तेव्हा बेन गुरियन विमानतळ बंद झाला आणि भारतीयांना रस्त्याने जॉर्डन आणि इजिप्तमध्ये नेऊन तिथून परत आणावं लागलं. म्हणून तिकीट परतावा मिळणारंच घ्या. विमा काढताना युद्धाचं कलम वाचा, बहुतेक पॉलिसींत ते वगळलेलं असतं. निघायच्या वेळी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ‘जाऊ नका’ अशी सूचना असेल तर जायचं नाही, तिथे भावाचा शब्दही चालणार नाही. पोहोचल्यावर दूतावासात नोंदणी करायची आणि राहत्या इमारतीतली संरक्षित खोली पहिल्याच दिवशी बघून ठेवायची. या युद्धाबद्दल तिला कॉलेजात विचारतील, पुढे मुलाखतीत विचारतील, तिथल्या वर्गातही विचारतील. स्वतःचं मत तिने स्वतः वाचून बनवावं, आणि हवरुतातल्या तिच्या जोडीदाराचं मत उलट असेल तर तेही ऐकून घ्यावं.

आता तारखा. तिकडचे उन्हाळी वर्ग साधारण जून ते ऑगस्टमध्ये असतात, आपली सुट्टी मेमध्ये संपते. तिला हे जमतंय ते केवळ पदवी आणि एलएलबी यांच्या मधल्या फटीमुळे. पण एलएलबीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या पुढे-मागे होतात, आणि कॉलेज मिळालं की ठरलेल्या दिवसांत मूळ कागदपत्रं घेऊन प्रवेश पक्का करावा लागतो. नाहीतर जागा जाते. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका, अल्पसंख्याक कोट्यातून अर्ज करणार असाल तर त्याचे दाखले (महाराष्ट्रात ज्यूंना २०१६ पासून हा दर्जा आहे), सगळ्यांच्या स्कॅन प्रती आणि लॉगिन तुमच्याजवळ हवं. तिच्याऐवजी पालक गेले तर चालेल का, हे पसंतीच्या कॉलेजांना आत्ताच विचारा. चालत नसेल तर उलपानचा छोटा वर्ग घ्या आणि जुलैअखेर परत या.

भावाकडे राहायचा बेत शनिवारपुरता ठेवा. अश्दोदहून जेरुसलेमला बसने एका तासाहून जास्त लागतो, रोज ये-जा केली तर संध्याकाळचा अभ्यास बुडेल. शुक्रवारी दुपारनंतर बस बंद होतात त्या शनिवारी रात्रीपर्यंत, तेव्हा मामाकडे शुक्रवारी लवकर निघायला हवं. मामाकडे मराठी बोलायला मिळेल, हेही त्या गडबडीत बरंच.

एका प्रसंगासाठी तिला तयार करून पाठवा. कुणीतरी विचारेलच की भारतात ज्यू असतात? तुम्ही खरे ज्यू का? १९६२ साली तिथल्या मुख्य रबाइनेटने, म्हणजे सरकारमान्य धर्मपीठाने, बेने इस्रायलांच्या लग्नांत पूर्वजांची चौकशी करायचा आदेश काढला होता. आपल्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरली आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. हा इतिहास तिला तोंडपाठ असला म्हणजे असल्या प्रश्नाने ती रडवेली होणार नाही, शांतपणे उत्तर देईल.

पैशांसाठी फिक्स डिपॉझिट मोडू नका. संस्थेला आजच ईमेल करा आणि त्यात तीन गोष्टी विचारा : भारतीय विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती किती, कार्यक्रम रद्द झाला किंवा आपण रद्द केला तर फी परत किती, आणि वर्ग ऑनलाइन करायची वेळ आली तर फी कमी होते का. तिन्ही उत्तरं लेखी येईपर्यंत एक रुपयाही भरू नका. दफनभूमीच्या परवानगीचं पत्र मात्र या आठवड्यातच द्या, विश्वस्तांची बैठक लवकर होत नसते.