पत्राच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करू या

«ताई, माझं वय ५०. पाळी जाऊन चौदा महिने झाले. दिवसातून आठ-दहा वेळा छातीतून डोक्यापर्यंत आग चढते आणि मग घामाने ब्लाऊज भिजतो. मे महिना कूलरसमोर कसाबसा काढला, पण पाऊस लागल्यापासून रात्री जास्तच जीव घाबरतो. म्हणून समोरच्या खोलीत पंख्याखाली एकटीच झोपते. यजमानांना वाटतं, मी त्यांना टाळते. खरं तर जवळ येणं नकोच वाटतं, कारण फार दुखतं. पण हे त्यांना सांगायचं कसं? मुलगी म्हणते, आई तू पहिलेसारखी राहिली नाहीस. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी असले चोचले नव्हते. थायरॉइडची गोळी सकाळच्या चहासोबत घेते, कॅल्शियमचीही तेव्हाच, म्हणजे विसरत नाही. व्हिटॅमिन डीची पुडी दर रविवारी घेते, वर्ष होत आलं. थायरॉइडची गोळी यंदा दोनदा वाढवली, तरी थकवा आहेच.
ता. क. मागच्या आठवड्यात दोन दिवस थोडंसं लाल दिसलं. जाऊबाई म्हणाल्या, पाळी परत आली, चांगलंच आहे.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर»

ताई, तुमच्या जाऊबाईंचं मन चांगलं आहे, पण सल्ला चुकलाय. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर दिसलेलं रक्त पाळीचं मानायचं नसतं. एक डाग असो की दोन दिवसांचा स्राव, तो तपासून घ्यायचाच. घाबरून जाऊ नका, कारण अशा दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. बहुतेकींचं गर्भपिशवीचं आतलं अस्तर पातळ आणि कोरडं होऊन खरचटलेलं असतं, कुणाला पॉलिप म्हणजे छोटा कोंब निघतो, कुणाचं अस्तर जाड झालेलं असतं. पण ती दहावी बाई आपण नाही, हे घरी बसून ठरवता येत नाही. आणि गर्भपिशवीचा कॅन्सर बहुधा असा लवकर रक्त दाखवतो, म्हणून वेळेवर सापडतो. महिनाभर वाट पाहिली तर तोच फायदा वाया जाऊ शकतो.

मानेवाड्याहून मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल जवळ आहे, स्त्रीरोग ओपीडीत सकाळी लवकर पोहोचा. डागा किंवा मेयो हॉस्पिटल, नाहीतर मिहानचं एम्स सोयीचं असेल तर तिथे जा. खाजगीत जायचं तर जा, फक्त हा आठवडा टाळू नका. पहिलं वाक्य असं सांगा: «पाळी जाऊन चौदा महिने झाले आणि आता रक्त दिसलं.» घाम, चिडचिड, झोप हे सगळं त्यानंतर. दारात उभं राहून पंधरा तक्रारी एकदम सांगितल्या तर नेमकी हीच मागे पडते, तुमच्या पत्रात पडली तशी. चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. त्यात महालक्ष्म्यांसाठी किंवा लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील, काढा-चूर्ण असेल, रक्त पातळ करायची गोळी असेल, तर तेही सांगा.

तिथे आतून तपासणी होईल, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची पॅप किंवा एचपीव्हीची चाचणी राहिली असेल तर ती होईल, आणि योनीमार्गातून सोनोग्राफी होईल. पोटावरून सोनोग्राफीला लघवी रोखून धरावी लागते, आतून करायची तर आधी लघवी करून जायचं. हे माहीत नसतं म्हणून बाया लिटरभर पाणी पिऊन दोन तास कळवळत बसतात. त्यात अस्तराची जाडी मोजतात. ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर धोका फारच कमी. जास्त असेल, किंवा पातळ असूनही रक्त पुन्हा दिसलं, तर अस्तराचा तुकडा तपासतात. त्यासाठी एक बारीक नळी आत घालतात, बहुधा ओपीडीतच, काही मिनिटांचं काम. पाळीत येते तशी कळ येते. या अहवालाआधीच कुणी «पिशवी काढून टाका, कटकट संपेल» म्हणालं तर नम्रपणे सांगा, «आधी तुकड्याचा रिपोर्ट येऊ द्या.» कधी पिशवी काढावीच लागते, पण ते ठरवायचं कारण कागदावर हवं.

आता थकव्याचं बघू. हा गोंधळ बहुतेक चहाच्या कपात सापडेल. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोह त्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, मग ती रक्तात नीट पोहोचत नाही. म्हणजे रोज गोळी घेऊनही टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्तचाचणीतला आकडा, वाढलेलाच येतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. दोनदा डोस वाढण्याचं कारण हेच असण्याची दाट शक्यता आहे. यापुढे थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर, आणि कॅल्शियम दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणानंतर, मध्ये निदान चार तास. पण इथे एक फसगत आहे. गोळी नीट शोषली जायला लागली की वाढवलेला डोस जास्त ठरू शकतो. जास्त झालेला थायरॉइड कसा वाटतो? छातीत धडधड, घाम, उकाडा, चिडचिड, झोप नाही. म्हणजे ज्या त्रासाला आपण मेनोपॉज म्हणतोय, त्यातला काही तिथूनही येईल, शिवाय हाडंही झिजतील. म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगून करा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा. धडधड वाढली तर त्याआधीच.

रविवारची पुडी थांबवा. ती ६०,००० युनिटची असते, साधारणपणे आठवड्याला एक अशी आठ आठवडे देतात, नंतर गरज असेल तर महिन्याला एक. केमिस्ट चिठ्ठी न मागता देतो म्हणून ती मीठ-साखरेसारखी वर्षभर घ्यायची वस्तू होत नाही. तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ असं काही असेल तर रक्तातलं व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम तपासून घ्या. नसेल तरी डी एकदा तपासाच.

कॅल्शियमचं गणित घरच्या स्वयंपाकात बसतं. पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. पाव लिटर दुधातून सुमारे ३००, एका वाटी दह्यातून पावणेदोनशे-दोनशे, मोठा चमचाभर न सोललेल्या तिळातून शंभरच्या आसपास. अंबाडीची आणि शेवग्याच्या पानांची भाजी चांगली. पालकात कॅल्शियम दिसतं, पण अंगी लागत नाही, त्यातलं ऑक्झलेट ते धरून ठेवतं. जेवणातून जेवढं कमी पडतं तेवढंच गोळीतून घ्या. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊन उपयोग नाही. पाकिटावर «कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ» लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम ५०० असतं.

मग ती आग. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जी जागा आहे, ती इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की फार हळवी होते. अंग किंचित तापलं तरी तिला वाटतं वणवा लागला, आणि ती रक्त कातडीकडे पाठवते, घाम सोडते. एक लाट बहुधा एक ते पाच मिनिटं टिकते. पावसात त्रास वाढला, याचं कारण नागपूरच्या हवेत आहे. मे महिन्यातली कोरडी हवा कूलरच्या ताट्यांतलं पाणी भराभर ओढून घेते, म्हणून झुळूक थंड लागते. जुलैत हवेत आधीच इतकी वाफ असते की कूलर फक्त ओल वाढवतो आणि अंगावरचा घाम सुकत नाही. म्हणून पाऊस लागला की कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा चालवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. सुती गाऊन, स्वतःची वेगळी पातळ चादर, उशाशी पाण्यात पिळलेला नॅपकिन. हा मानेवर ठेवला की लाट लवकर ओसरते. दोन आठवडे कॅलेंडरवर लाटेची वेळ आणि त्याआधी काय खाल्लं ते लिहा. पुष्कळ जणींना कडक गरम चहा आणि रात्रीचं सावजी जेवण नडतं. तुम्हाला नडत नसेल तर तर्री सोडायची गरज नाही.

दोन गोष्टी मात्र मेनोपॉजवर ढकलू नका. रात्रीच्या घामासोबत ताप, खोकला किंवा वजन उतरत असेल तर टीबीची तपासणी हवी. आणि पुढच्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, अंग तापलेलंच राहिलं, डोकं दुखून उलटी झाली किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं, तर तो उष्माघात आहे. लाट पाच मिनिटांत जाते, तो जात नाही.

शतावरी कल्पाने आग थांबते असं नीट सिद्ध झालेलं नाही, आणि त्या डब्यात साखर भरपूर असते. सोयाबीनवरचे अभ्यास दोन्हीकडे बोलतात. आपल्याकडे विदर्भात शेतं सोयाबीनने भरलेली, पण घरात येतं ते तेल, आणि ज्या घटकाची चर्चा होते तो तेलात जवळजवळ नसतोच.

सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे हार्मोनचं औषध. तुम्ही साठीच्या आत आहात, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत, म्हणजे ज्यांना त्याचा फायदा जास्त आणि धोका कमी अशांमध्ये तुम्ही मोडता. पण रक्त कशाने आलं ते कळल्याशिवाय ते सुरू करायचं नाही. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा यकृताचा आजार झालेला असेल तर गोळी-जेल तुमच्यासाठी नाही. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं, नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढत जातं. ते प्रोजेस्टेरॉन रात्री घ्यायचं असतं, त्याने पेंग येते, हे तुमच्या पथ्यावरच पडेल. कातडीला लावायच्या इस्ट्रोजेन जेलमध्ये गुठळीचा धोका तोंडी गोळीपेक्षा कमी. स्तनाच्या कॅन्सरची भीती २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने पसरली. त्यात दोन्ही हार्मोन घेणाऱ्या दर दहा हजार बायकांत वर्षाला साधारण आठ रुग्ण जास्त दिसले, आणि त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. धोका आहे, पण ऐकू येतो तेवढा नाही. सुरू करण्याआधी बीपी आणि मॅमोग्राफी करून घ्या. हार्मोन नकोच असतील तर व्हेनलाफॅक्सिन किंवा गाबापेंटिन कमी डोसमध्ये देतात. व्हेनलाफॅक्सिनच्या कागदावर «डिप्रेशनची गोळी» वाचून दचकू नका, आगीसाठीही ती चालते.

दुखण्याचं सांगते. इस्ट्रोजेन उतरलं की योनीचं अस्तर पातळ, कोरडं होतं, ताणलं जात नाही. लघवीला जळजळ आणि वारंवार इन्फेक्शनही त्यातूनच. ही तुमची नावड नाही, कातडीची अवस्था आहे, आणि त्यावर मलम आहे. इस्ट्रिऑलचं क्रीम दोन आठवडे रोज रात्री आत लावतात, नंतर आठवड्यातून दोनदा. फरक दोन-तीन आठवड्यांत कळायला लागतो, पूर्ण आराम पडायला तीन महिने लागू शकतात. बरं वाटलं म्हणून बाया ते सोडतात आणि कोरडेपणा परत येतो, कारण हा कोर्स नाही, चालू ठेवायची गोष्ट आहे. तेही रक्ताची तपासणी झाल्यावरच. तोवर संबंध टाळा. नंतर पाण्यावर आधारित जेल वापरा, केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळतं. व्हॅसलीन, डेटॉलचं पाणी, सुगंधी वॉश आत काही घालू नका, साबणही बाहेरच.

यजमानांना हे पलंगावर सांगू नका आणि भांडणात तर नाहीच. संध्याकाळी फिरायला निघाल्यावर, चालता चालता सांगा, डोळ्यात डोळे नसले की पुरुषांना ऐकणं सोपं जातं. «अहो, मी रागावून बाहेर झोपत नाही. रात्री अंगाची आग होते. आणि जवळ येताना मला खूप दुखतं, त्यावर औषध आहे. गुरुवारी मेडिकलला जायचंय, तुम्ही सोबत चला.» हे शेवटचं वाक्य गाळू नका. सोनोग्राफीच्या रांगेत दोन तास शेजारी बसलेला नवरा समजावण्याचं अर्धं काम तिथेच वाचवतो. तपासणी होईपर्यंत आतल्या खोलीतच पंखा लावा, दोन वेगळ्या गाद्या घाला.

चिडचिड झोपेने बरीच उतरेल. पण सलग दोन आठवडे मन उदास, कशातच गोडी नाही, जगणं नकोसं वाटतं असं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. हा नंबर दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

हाडांसाठी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करा, तीही कमरेची आणि मांडीच्या खुब्याची. शिबिरात टाचेवर मशीन लावतात ती डेक्सा नव्हे, तिच्यावरून औषध सुरू करू नका. डेक्साच्या अहवालातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. चालणं हवंच, पण नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. हात न टेकता खुर्चीवरून दहादा उठणं-बसणं आणि ओट्याला धरून दहादा टाचा उचलणं, दोन फेऱ्या, आठवड्यातून निदान तीन दिवस.

सासूबाईंच्या वेळी चोचले नव्हते हे खरं, डेक्साही नव्हता. त्यांची पाठ वाकली असेल किंवा तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त उंची घटली असेल, तर मणका दबला असू शकतो. तुमची चिठ्ठी काढाल तेव्हा त्यांचीही काढा.