भावाच्या मालमत्तेसाठी स्वतःची एफडी मोडू का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. अविवाहित भाऊ अचानक गेला, मृत्युपत्र नाही. मागे फ्लॅट, डीमॅटमधले शेअर, नॉमिनी न लावलेल्या दोन ठेवी आणि ९ लाखांचं वैयक्तिक कर्ज. 'लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' (प्रशासनपत्र, म्हणजे मृताची मालमत्ता ताब्यात घेऊन निकाली लावायचा कोर्टाने दिलेला अधिकार) घेऊन तुम्हीच प्रशासक व्हा, असं कुणीतरी सुचवलं आणि त्या खर्चासाठी व कर्ज फेडण्यासाठी तुम्ही स्वतःची १२ लाखांची एफडी मोडायला निघालात.

मोडू नका. निदान आत्ता तरी नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे: 'आई ७६ वर्षांची आहे, तिला यात ओढायचं नाही.' हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे अविवाहित मुलाची आई पहिल्या वर्गातली वारस, बहीण-भाऊ दुसऱ्या वर्गातले. म्हणजे आई असताना सगळी मालमत्ता तिचीच. सोसायटीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव आहे, पण त्यामुळे फ्लॅट तुमचा होत नाही. आणि प्रशासक नेमताना कोर्ट आधी विचारतं की वारसाहक्काने तुमचा वाटा किती. तो आज शून्य आहे.

शिवाय हे काम जोखमीचं आहे. कोर्टाला हमीपत्र द्यावं लागतं, बहुधा जामीनदारासह. सहा महिन्यांत मालमत्तेची यादी, वर्षभरात हिशेब. कोर्टाच्या परवानगीशिवाय फ्लॅट विकता येत नाही, आणि तुमच्या हलगर्जीपणाने नुकसान झालं तर भरपाई तुमच्या खिशातून. वारस भांडत असते किंवा चालू धंदा आवरायचा असता, तर मी म्हटलं असतं, अर्ज करा. इथे वारस एकच आहे, आणि मृत्युपत्र नसताना हिंदू वारसाला हक्क सांगण्यासाठी प्रशासनपत्र सक्तीचं नाही.

मग करायचं काय? आधी बँकेत जा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या नियमांनुसार वाद नसेल तर १५ लाखांपर्यंतचे दावे (सहकारी बँकेत ५ लाख) कोर्टाच्या कागदाशिवाय निकाली काढता येतात. शेअरसाठी डीमॅट जिथे आहे तिथेही विचारा, की कोर्टाच्या कागदाशिवाय काम होईल का. जे उरेल तेवढ्यासाठीच आईच्या नावाने सक्सेशन सर्टिफिकेटचा (मृताच्या ठेवी, शेअर वारसाला मिळावेत म्हणून कोर्ट देतं तो दाखला) अर्ज करा. न्यायालयीन शुल्क रकमेवर बसतं, म्हणून यादी उगाच लांबवू नका. या सर्टिफिकेटमध्ये फ्लॅट येत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला. धावपळ तुम्ही करा, पण आईच्या कुलमुखत्यारपत्रावर.

आता कर्ज. तुम्ही सहकर्जदार नाही, जामीनदारही नाही. मग ते फेडायचं भावाच्या मालमत्तेतून, तुमच्या एफडीतून नव्हे. वसुलीवाल्याने फोनवर कितीही गळ घातली तरी 'मी भरते' असं लिहून देऊ नका. बँकेला मृत्यूच्या दाखल्यासह पत्र द्या, पोच घ्या. व्याज चालूच राहील, म्हणून ठेवींचे पैसे हाती येताच पहिला मान कर्जाचा. त्याआधी कर्जखात्याचा उतारा काढा आणि ज्या दिवशी कर्ज मिळालं त्या दिवसाच्या नोंदी बघा. मंजूर रकमेतून विम्याचा हप्ता कापलेला असेल तर कर्जाला विमा आहे आणि कदाचित बरंचसं कर्ज त्यातूनच फिटेल. माझ्याकडे आलेल्या एका बहिणीने भावाचे चौदा हप्ते स्वतः भरले, आणि नंतर त्याच उताऱ्यात विम्याची ओळ सापडली. ते पैसे परत मिळवताना तिचे फार हाल झाले.

वकील, दाखले, झेरॉक्स, जो खर्च तुम्ही कराल त्याची पावती एका फाइलमध्ये ठेवा. तो आईला मिळणाऱ्या पैशातून तुम्हाला परत मिळायला हवा, आणि परदेशातल्या धाकट्या भावालाही तो दिसायला हवा. त्याला आजच ईमेल करून सगळं कळवा.

आईला यातून वगळू नका, तिच्याशी बोला. मुलाचं घर तिच्या नावावर येणार आहे, तेव्हा तिला सह्या करायला बोलावणं म्हणजे त्रास देणं नव्हे. नावं लागली की लगेच तिचं मृत्युपत्र करून घ्या, दोन साक्षीदारांसह, जमल्यास नोंदणी करून. आणि या वेळी प्रत्येक ठेवीला नॉमिनी लावा.