मायक्रोवेव्हचं राहू दे, पाकीट उलटं करून बघ

न्यू जर्सीहून एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय: "ताई, सासूबाई आल्यापासून मायक्रोवेव्हला हात लावायची सोय नाही. त्यातलं अन्न विषारी होतं म्हणतात. वायफायचा डबा मुलाच्या खोलीत आहे, तो रात्री बंद करू का? फोन तर त्याच्या उशाशीच असतो. फ्रोजन पराठे आठवड्यातून चारदा होतात, पण पाकिटावर 'नो प्रिझर्वेटिव्ह' आहे. बाकी यांचं बीपी थोडं वाढलंय, १४८ वगैरे, पण ते कामाच्या ताणाचं."

अगं, "बाकी" काय म्हणतेस! पत्र तिथूनच सुरू करायचं होतंस.

आधी इतर गोष्टी उरकते. मायक्रोवेव्ह अन्नातलं पाणी तापवतो, त्याने अन्न किरणोत्सारी होत नाही. प्लास्टिकऐवजी काचेचं भांडं वापर. मोबाइलच्या लहरींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं, हे खरं. पण त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे सासूबाईंना सांगून बघ. वायफाय राहू दे चालू, फोन मात्र रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. पोराची झोप त्या फोनने उडते.

आता मीठ. (आमच्या घरात हा विषय काढला की मुलं उठून जातात.)

गोठवलेलं अन्न थंडीनेच टिकतं, प्रिझर्वेटिव्हची गरजच काय? ते नाही म्हणून मीठ नाही, असं थोडंच आहे! पाकीट उलटं कर आणि 'सोडियम'ची ओळ वाच. माझ्या फ्रीजमधल्या पाकिटावर ३८० मिलिग्रॅम आहे, तेही एका पराठ्याला. आपल्याकडे एकावर कोण थांबतं? तीन पराठ्यांचे झाले ११४०. वर चमचाभर लोणचं, त्याचे सहाशेच्या आसपास. आरोग्य संघटना दिवसाला २००० च्या आत राहा म्हणते, म्हणजे पाच ग्रॅम मीठ. तुझ्या यजमानांचा दिवसाचा कोटा नाश्त्यालाच संपत आला.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, सहा महिन्यांसाठी आले तेव्हा मीही डॉक्टरांना ठसक्यात सांगितलं होतं, "आमच्याकडे जेवण अळणीच असतं." घरी येऊन दिवसभरातली सगळी पाकिटं ओट्यावर मांडली: ब्रेड, पाकिटातलं सूप, खाकरा, चीज. लोणचं-पापड धरून बेरीज चार हजारांच्या वर गेली. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं, म्हणजे दहा ग्रॅम. तेवढं मीठ मी वजनकाट्यावर मोजून वाटीत घातलं. नाना चष्मा वर करून बघत राहिले, मग म्हणाले, "एवढ्यात तर लग्नातली भाजी होईल." दोष माझ्या फोडणीचा नव्हताच. अमेरिकेत पोटात जाणारं सत्तर टक्क्यांहून अधिक सोडियम पाकिटातल्या आणि हॉटेलच्या अन्नातून येतं.

आणि "आम्ही सैंधव वापरतो" असं लिहू नकोस. उपासाला चालतं म्हणून बीपीला चालेल असं नाही, तेही सोडियमच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, मूत्रपिंडाचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील तर ते अंगावर येतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस.

ताणाचं म्हणशील तर नोकरी सगळ्यांनाच आहे गं! दंडाला बांधायचं बीपीचं मशीन आण. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसवून, दोनदा मोज, लिहून ठेव आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. रविवारी पोळ्या अर्धवट भाजून स्वतःच फ्रीझ कर. सासूबाई आहेत तोवर लाटायला मदतही होईल, आणि मायक्रोवेव्हवरचं लक्षही उडेल.

पापडांचं काय, असं विचारशीलच. पापडखारातही सोडियमच. पण सासूबाईंनी बॅगेतून आणलेले पापड नको कसे म्हणायचे, ते मला अजून जमलेलं नाही. आमच्या कपाटात दोन डबे भरलेले आहेत.