मालकी झाडीला शाश्वत व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र मिळते का? खानापूर (जि. बेळगाव) तालुक्यापुरते उत्तर

आपण विचारले आहे की, जांबोटी भागात आपली आणि भाऊबंदांची मिळून 14 जणांची सुमारे 60 एकर मालकी झाडी आहे, त्यात साग, अकेशिया आणि थोडा बांबू आहे, आणि लाकूड घेणारा व्यापारी प्रमाणपत्र असल्यास जास्त दर देण्याचे बोलतो. तर हे प्रमाणपत्र वनखाते देते का आणि त्यासाठी काय करावे लागते. कर्नाटकातील खानापूर, हल्याळ आणि जोयडा या तालुक्यांतील लागवडदारांना अशा तपासणीसाठी तयार करणे हेच माझे काम असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

वनखाते हे प्रमाणपत्र देत नाही. 1993 साली स्थापन झालेली एफएससी (फॉरेस्ट स्टीवर्डशिप कौन्सिल) ही आंतरराष्ट्रीय संस्था मानके ठरवते, पण तीसुद्धा स्वतः तपासणी करत नाही. तिची मान्यता असलेल्या स्वतंत्र तपासणी संस्था ते काम करतात. पीईएफसी ही वन प्रमाणनाची दुसरी जागतिक व्यवस्था भारतात एनसीसीएफ या भारतीय संस्थेच्या मानकांमार्फत चालते. तिसरा पर्याय केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर 2023 मध्ये आणलेल्या भारतीय वन आणि काष्ठ प्रमाणन योजनेचा. तिच्यात वनक्षेत्राबाहेरील झाडांसाठी वेगळा विभाग असून आपली झाडी, म्हणजे लागवडीची बाग, त्यात मोडते.

या तिन्हींतून निवड करण्याआधी त्या व्यापाऱ्याला एकच गोष्ट विचारा: त्याच्याकडे स्वतःचे साखळी प्रमाणपत्र आहे का? प्रमाणित बागेतील लाकूड ज्या ज्या मालकाच्या हातातून जाते, त्या प्रत्येकाकडे ते असावे लागते आणि बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक यावा लागतो. मध्ये एका जरी वखारवाल्याकडे ते नसेल, तर पुढे ते लाकूड साधे लाकूड म्हणूनच विकले जाते, मग आपली बाग कितीही नीट ठेवलेली असो. दांडेलीसारख्या ठिकाणी कागदासाठी लाकूड घेणारा मोठा कारखाना आणि गावोगाव फिरणारा दलाल यांच्या बोलण्याचे वजन या बाबतीत सारखे नसते. जास्त दर किती, हे लेखी मिळत नसेल तर या खर्चात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदीदार पक्का असेल, तर एकेकट्याने न जाता गट करावा. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था प्रमाणपत्राची धारक होते, सभासदांशी लेखी करार करते आणि दरवर्षी स्वतः आतली तपासणी करते. बाहेरचा तपासनीस मग सगळ्यांच्या नव्हे, तर नमुन्यादाखल निवडलेल्या सभासदांच्या बागा पाहतो. खर्च वाटला जातो, पण जबाबदारीही वाटली जाते, कारण एका सभासदाच्या निष्काळजीपणाने सगळ्यांचे प्रमाणपत्र निलंबित होऊ शकते. म्हणून भाऊबंद आहेत एवढ्यावर कोणालाही गटात घेऊ नये.

आपल्या भागात काम सर्वांत जास्त अडते ते कागदांपाशी. पहाणी उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्काच्या सरकारी नोंदीवर, अजून आजोबांचे नाव असते, वाटण्या तोंडी झालेल्या असतात, आणि उतारा कन्नडमध्ये असल्याने त्यावरील शेरे घरातील कोणी नीट वाचलेले नसतात. जमिनीचा हक्क सिद्ध करणे ही प्रमाणपत्राची पहिली पायरी असल्यामुळे वारस नोंदी आधी उरकून घ्याव्यात. 1976 च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली कोणत्या जातीच्या तोडीला परवानगी लागते आणि कोणत्या लाकडाच्या वाहतुकीला पास लागतो, हे आरएफओ (वन परिक्षेत्र अधिकारी) कार्यालयातून जातवार लिहून आणावे आणि मागील तोडीचे परवाने व पास असतील तर तेही एका फायलीत लावावेत. बाग लावण्याआधी तेथे नैसर्गिक रान होते का, हेही तपासले जाते. 31 डिसेंबर 2020 नंतर रान साफ करून केलेली लागवड एफएससीमध्ये बसत नाही.

प्रत्यक्ष बागेत जे बदलावे लागते ते ऐकायला साधे, पण पाळायला कठीण असते. ओढ्याच्या दोन्ही काठांवर पट्टा राखून तेथील झाडे तोडायची नाहीत, उतारावर पावसाळ्यात ओंडके ओढायचे नाहीत, एकाच वेळी सगळी बाग मोकळी करायची नाही, आणि एकूण क्षेत्राचा किमान दहावा भाग नैसर्गिक वाढीसाठी सोडायचा. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा आणि देगावची म्हादई याच डोंगरांतून वाहतात, त्यामुळे ओढ्यांचा मुद्दा तपासनीस सहसा सोडत नाही. बागेला लागून देवराई असेल, गवळी धनगरांची गुरांची वाट असेल किंवा गावकरी तेथून शिकेकाई, हिरडा नेत असतील, तर ते बागेच्या व्यवस्थापन आराखड्यात नोंदवून तसेच चालू ठेवावे लागते. भीमगड अभयारण्य, जे 2011 मध्ये घोषित झाले, तेथून बाग किती अंतरावर आहे आणि गवे कोणत्या वाटेने येतात, हेही लिहावे. कीड-तणांवर मारायच्या औषधांच्या बाबतीत एफएससीची यादी मनाई, अत्यंत मर्यादित आणि मर्यादित अशा तीन गटांत आहे. दुकानदाराने दिले म्हणून तणनाशक मारण्याची सवय येथे चालत नाही.

मजुरांचा विषय बहुतेक मालकांना अनपेक्षित असतो. तोडणीची टोळी मुकादमाची आहे, आमची नाही, हे उत्तर तपासनीस मान्य करत नाहीत. मशीन करवत चालवणाऱ्याला हेल्मेट, जाड बूट व पायाचे संरक्षण, प्रथमोपचाराची पेटी, किमान वेतनाची नोंद आणि टोळीत एकही अल्पवयीन नसल्याची खात्री, एवढे तरी लागतेच. तपासनीस मजुरांशी मालकाला बाजूला ठेवून बोलतो. कायदेशीर कागद कन्नडमध्ये आणि अहवाल इंग्रजीत असला, तरी सुरक्षिततेच्या सूचना मजूर ज्या भाषेत बोलतात त्या मराठी-कोकणीतच द्याव्यात, आणि तपासणीच्या दिवशी दुभाषा मालकाचा नातेवाईक नसावा.

मुख्य तपासणीआधी हवी असल्यास पूर्वतपासणी करता येते, आणि नवख्या गटाने ती करावीच. मुख्य तपासणीत निघालेल्या मोठ्या त्रुटी दूर झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. किरकोळ त्रुटींना साधारण एक वर्ष मिळते. प्रमाणपत्र 5 वर्षांचे असते आणि दरवर्षी पाहणी होते. म्हणून किमान दोन तपासणी संस्थांकडून पाचही वर्षांचा एकत्रित खर्च, तपासनीसांचा प्रवास व मुक्काम धरून, लेखी मागवा आणि तो आपल्या अपेक्षित तोडीच्या टनांवर विभागून व्यापाऱ्याच्या लेखी जादा दराशी ताडून पाहा.