पिल्लांच्या आधी लसीचं बघा

खानापुरात पन्नास गावरान पिल्लं पाळायची म्हणताय, चांगलंच आहे की. पण मानमोडी (राणीखेत) आणि गंबोरो हे विषाणूंचे रोग, एकदा शिरले की औषध नाही. मान वाकडी, हिरवी हगवण दिसल्यावर अँटिबायोटिक पाजणं म्हणजे पैसे नाल्यात.

सध्या एवढंच पाळा:

- लासोटा (मानमोडीची लस) ५ ते ७ व्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. गंबोरोची लस १४ व्या दिवसाच्या आसपास. लासोटा परत चौथ्या आठवड्यात.
- लस थर्मासमध्ये बर्फावरच आणा. खिशात घालून मोटरसायकलवरून आणली तर उन्हानं नुसतं पाणी उरतं. कालवल्यावर तासा-दोन तासांत संपवायची. बाटली शंभर डोसची तरी असतेच, तेव्हा शेजाऱ्यांची पिल्लंही त्याच दिवशी उरकून घ्या. पाण्यातून द्यायची तर क्लोरीनचं नळाचं पाणी नको, विहिरीचं घ्या.
- बाजारातली कोंबडी थेट खुराड्यात नको, दोन-तीन आठवडे लांब ठेवा. इथंच सगळे फसतात.
- मेलेली ओढ्यात टाकू नका, चुना घालून खोल पुरा.

पटापट मरायला लागली तर विकायच्या नादी न लागता सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कळवा.

कोंबड्यांच्या देवीची लस, आर-टू-बी (मानमोडीचीच मोठ्या पिल्लांसाठीची लस) वगैरे पिल्लं मोठी झाली की विचारा, सांगतो.